विरळ दीर्घिकांमधले तारे मोजताय? या चुका टाळा

नवे विद्यार्थी अतिविरळ दीर्घिकेची (म्हणजे पसरट, पण तारे फार विरळ म्हणून अतिशय अंधूक अशा दीर्घिकेची) प्रतिमा घेऊन आले की मी आधी विचारतो, आकाशाचा स्वतःचा उजेड किती वजा केलास? बहुतेकदा उत्तर येतं, "ते सॉफ्टवेअरने केलं." इथेच घात होतो.

अगदी काळ्या रात्रीही आकाशाचा उजेड दर चौरस आर्कसेकंदाला (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग) साधारण 22 प्रतीचा असतो. प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितका उजेड कमी. या दीर्घिका मध्यभागीच 24 प्रतीहून अंधूक, कडेला 28 पर्यंत उतरतात. म्हणजे कडेचा उजेड आकाशाच्या अडीचशेव्या हिश्शाएवढा. पहिल्या वर्षी मी पार्श्वभूमी मोजायच्या चौकटी दीर्घिकेपेक्षा लहान ठेवल्या. सॉफ्टवेअरने दीर्घिकेचाच उजेड आकाश समजून कापला आणि मला तिला ठसठशीत कड दिसू लागली. दोन महिने मी त्या कडेचं कारण शोधलं. शेवटी गाईडनी वजा केलेली पार्श्वभूमी उघडायला लावली. हरवलेली दीर्घिका तिथे होती! तेव्हापासून दीर्घिका झाकून, चौकटी तिच्या कितीतरी पट मोठ्या ठेवतो, आणि वजा केलेलं आकाश डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे जात नाही.

दुसरी चूक म्हणजे एका ठिपक्यात मिसळलेले तारे एकच धरणं. तांबड्या राक्षसी (म्हाताऱ्या, फुगलेल्या) ताऱ्यांच्या तेजाला ठराविक कमाल मर्यादा असते, तिच्यावरून अंतर काढतात. मिसळलेले ठिपके जास्त तेजस्वी दिसतात आणि दीर्घिका जवळ वाटते. एनजीसी 1052-डीएफ2 या अतिविरळ दीर्घिकेत कृष्णद्रव्य (न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणातून कळणारं द्रव्य) जवळजवळ नाही असा दावा झाला, तिचा वाद यावरच पेटला. 2018 मध्ये अंतर सुमारे 6.5 कोटी प्रकाशवर्षं मानलं होतं, 2019 मध्ये दुसऱ्या गटाने 4.2 कोटी काढलं, 2021 मध्ये हबलच्या आणखी खोल प्रतिमांवरून 7.2 कोटी आलं. ताऱ्यांचं वस्तुमान अंतराच्या वर्गाने बदलतं, गतीवरून काढलेलं एकूण वस्तुमान मात्र अंतराच्या साध्या प्रमाणात. म्हणून अंतर कमी धरलं की ताऱ्यांचं वस्तुमान जास्त घटतं, दोन्हींतली तफावत वाढते आणि नसलेलं कृष्णद्रव्यही हिशेबात येऊन बसतं.

किती तारे मिसळतात ते कळावं म्हणून मी प्रतिमेत हजारो खोटे तारे पेरून ते परत मोजतो. त्यासाठी संगणक रात्रभर चालवायचा कंटाळा असेल, तर अंतराचा आकडा लिहूच नये.

मागच्या दूरच्या दीर्घिका ताऱ्यांसारख्याच दिसतात. शेजारच्या रिकाम्या आकाशाला तारे निवडायची तीच गाळणी लावून किती उरतात ते मोजा.

आणि आपल्या आकाशगंगेतल्या धुळीचे पुंजकेही अंधूक दीर्घिकेचं सोंग घेतात. ही धूळ ज्यात उजळ दिसते तो दूर-अवरक्त नकाशा आधी बघा.