हत्यार की खडी? ठाण्या-नवी मुंबईत दगड उचलण्याआधी

हातकुऱ्हाड, गाभा, छिलका, सूक्ष्मास्त्र हे शब्द पुरातत्त्वाच्या वर्गात पहिल्या महिन्यातच तोंडात बसतात, म्हणून त्यांची ओळख एका ओळीतच: अश्मयुगातल्या माणसाने ज्या दगडातून तुकडे पाडले तो गाभा, पडलेला पातळ तुकडा छिलका, दोन्ही बाजूंनी घडवलेलं हातात धरायचं हत्यार हातकुऱ्हाड आणि अगदी छोटं दगडी हत्यार सूक्ष्मास्त्र. मला बोलायचंय ते छिलक्यावरच्या त्या फुगवट्याबद्दल, ज्याच्या नादाने माझी बाल्कनी दगडांनी भरली होती.

पुस्तकात असतं की दगडावर नेमका घाव बसला की छिलक्याच्या आतल्या बाजूला, घावाच्या जागेखाली फुगवटा येतो आणि तिथून लाटांसारख्या रेषा पसरतात. हे माणसाच्या हाताचं लक्षण. ठीक. पण कुठल्या माणसाच्या? तुर्भे-पावणे बाजूच्या खाणीत घण घालणाराही माणूसच होता. त्याच्या घणाने, सुरुंगाने आणि नंतर क्रशरने आपल्या काळ्या बेसॉल्टचे फुगवट्यासकट छिलके पडतात. तेच रुळांखाली, रस्त्याकडेला, सोसायटीच्या कुंपणाशी पसरलेले असतात. एका बिंदूवर जोर बसला, एवढंच फुगवटा सांगतो. कधी बसला आणि कशासाठी, हे त्याला विचारू नका.

त्यात नवी मुंबईत खाडीकाठची कितीतरी जमीन भरावाची. तिथे पायाखालचा दगड डंपरमधून आलेला असू शकतो. भरावावर मिळालेल्या दगडाला ठिकाण नाही, थर नाही, शेजार नाही. तो कितीही देखणा असो, तिथेच टाका. मन घट्ट करून टाका.

यात फसणारे तुम्ही पहिले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात केंटच्या पठारावरच्या ओबडधोबड चकमकीच्या दगडांना ‘इओलिथ’ म्हणत अतिप्राचीन हत्यारं ठरवण्यात आलं होतं. फ्रेंच अभ्यासक मार्सेलँ बूल यांनी १९०५ साली फ्रान्समध्ये मांतजवळच्या सिमेंट कारखान्यात पाहिलं, तर खडूचा दगड धुण्याच्या हौदात गरगर फिरून निघालेले चकमकीचे दगड तसेच दिसत होते. पुढे १९३९ मध्ये आल्फ्रेड बार्न्स यांनी कोन मोजण्याची पद्धत मांडली: माणसाने पाडलेल्या छिलक्यांच्या खुणांचे कोन बहुतेक नव्वद अंशांच्या आत असतात, आपोआप फुटलेल्या दगडांत बोथट कोन जास्त निघतात. पद्धत उपयोगाची आहे, पण ती लागू होते दगडांच्या समूहाला. एकट्या दगडाचा कोन मोजून निकाल देणाऱ्यापासून लांब राहा. शिवाय घणाने पाडलेल्या छिलक्याचाही कोन छान येतो, म्हणजे खाणीच्या फसवणुकीतून बार्न्सही सोडवत नाहीत.

मग बघायचं काय? आधी रंग. एका बाजूला मातकट जुनी साल आणि छिलका निघालेल्या खाचेत ताजा काळा बेसॉल्ट दिसला, तर तो घाव अलीकडचा. सगळ्या खाचा सारख्याच मळकट असतील तर पुढे बघायला हरकत नाही, एवढंच. आपल्या पावसात खाणीतला तुकडाही काही वर्षांत म्हातारा दिसायला लागतो. मग खाचांची शिस्त: दोन्ही बाजूंनी, एकाच धारेकडे, एकामागून एक काढलेल्या आहेत का? धारेवरचे बारीक टवके सलग आहेत, की गाडीच्या चाकाखाली आल्यासारखे कुठेही उडालेत? आणि सगळ्यात शेवटी आकार. नवखे नेमके आकारापासून सुरू करतात. त्रिकोणी खडीला हातकुऱ्हाड म्हणायला तेवढं पुरतं.

घाबरून सोडून देऊ नका. ठाणे आणि मुंबईची उपनगरं ज्यावर आहेत ते साष्टी बेट हत्यारांच्या बाबतीत कोरडं नाही. कांदिवलीच्या पुराश्मयुगीन (जुन्या अश्मयुगातल्या) हत्यारांवर के. आर. यू. टॉड यांनी १९३९ मध्येच लिहिलं आहे. आणि सूक्ष्मास्त्रांच्या बाबतीत आपल्याकडे थोडं सोपं जातं. ती बहुधा कॅल्सेडनी, चर्ट, जास्पर अशा गुळगुळीत, कडक दगडांची असतात. कॅल्सेडनी बेसॉल्टच्या पोकळ्यांतून आपोआपही सुटून पडते, पण समांतर कडांचं, पाठीवर लांब उभी कणा-रेषा असलेलं दोन-तीन सेंटिमीटरचं पातं क्रशरमधून सहसा येत नाही. तसं एक दिसलं तर त्याच जागी बसून आजूबाजूला गाभे आणि दगड फोडताना उडालेला बारीक कचरा शोधा. कचरा सापडला तर तिथे कुणीतरी बसून काम केलं होतं.

व्हॉट्सॲपवरच्या फोटोवरून ‘भारी सापडलंय’ म्हणणारे गुरू मला चालत नाहीत. दहातले नऊ दगड नाकारणारा, आणि का नाकारला ते हातात देऊन दाखवणारा शोधा. वीकेंड कोर्सच्या सर्टिफिकेटपेक्षा चष्मा-हातमोजे घालून एक संध्याकाळ स्वतः दगड फोडणं मला जास्त मोलाचं वाटतं. जोर कुठून शिरतो, धार कुठे बिघडते, हे मनगटाला कळतं. फक्त फोडलेले तुकडे पिशवीत भरून घरी आणा, नाहीतर पुढच्या नवख्यासाठी तुम्हीच घोळ घालून ठेवाल. खरे नमुने पाहायचे तर पुण्याला डेक्कन कॉलेजचं संग्रहालय गाठा.

आणि खरोखरच काही दिसलं तर उचलू नका. ठाण्याजवळचं येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथून काहीच हलवायचं नाही. दगड जागेवर ठेवून दोन्ही बाजूंचे आणि धारेचे फोटो काढा, मोबाइलवर ठिकाण नोंदवा, भोवतालच्या जमिनीचाही एक फोटो घ्या आणि जाणकाराला पाठवा. फोटोत मोजपट्टी हवी. नसेल तर एक रुपयाचं नाणं ठेवा. बोट ठेवलेले फोटो कुणी धड बघत नाही.