आयसीयूतली लवकर फिजिओथेरपी: या चुका टाळा

"व्हेंटिलेटरवर आहे ना, पडू दे शांत, श्वासाची ट्यूब निघाली की बघू" हे जवळपास प्रत्येक आयसीयूत ऐकू येतं आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. 2013 च्या एका अभ्यासात मांडीच्या पुढच्या स्नायूच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ अल्ट्रासाउंडवर मोजलं होतं, दहाव्या दिवसापर्यंत ते सरासरी 18 टक्क्यांच्या आसपास घटलं, म्हणजे ट्यूब निघेपर्यंत थांबलात तर उठून बसायला लागणारी ताकद बरीच कमी झालेली असू शकते.

ट्यूब आहे म्हणून व्यायाम बंद असं काही नसतं हो. व्हेंटिलेटरमधला ऑक्सिजन 60 टक्के किंवा त्याच्या आत, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) 90 टक्क्यांच्या वर, पीप (श्वास सोडल्यावरही व्हेंटिलेटर फुप्फुसात राखतो तो दाब) 10 पर्यंत, श्वास मिनिटाला 30 च्या आत, बीपी टिकवायचं औषध सारखं वाढवावं लागत नाहीये, एवढं जुळलं की बेडच्या कडेला बसवण्याचा विचार करता येतो (अर्थात इंटेन्सिविस्टशी, म्हणजे आयसीयूच्या डॉक्टरांशी बोलूनच). आकडे बाहेर असतील तर बेडवरच सांधे हलवा, पोझिशन बदला.

दुसरी गोष्ट सिडेशन, म्हणजे पेशंटला झोपवून ठेवणारं औषध. सकाळी फिजिओ येतो, पेशंट गाढ झोपलेला, शीटवर 'सहकार्य नाही' लिहून पुढच्या बेडकडे. अरे पण झोपवलंय आपणच ना! सिडेशन कमी करायची वेळ आणि फिजिओची वेळ नर्सशी बोलून एकत्र ठेवा, निम्मं काम तिथेच होतं.

आता उलटी चूक, ती उत्साही लोकांची, लवकर म्हणजे जितकं जास्त तितकं चांगलं असं धरून चालायचं. 2022 च्या टीम (TEAM) नावाच्या अभ्यासात व्हेंटिलेटरवरच्या 750 पेशंटपैकी एका गटाला नेहमीपेक्षा जास्त हालचाल दिली, सहा महिन्यांनी फायदा काही दिसला नाही आणि हालचालीमुळे झाले असतील असे त्रास मात्र 4 टक्क्यांवरून 9 वर गेले, त्यात हार्ट रिदम बिघडणं, बीपी पडणं, सॅच्युरेशन घसरणं. त्यामुळे हालचालीचा डोस रोज नव्याने ठरवा, कालचा पेशंट आज तसाच असेल असं नाही.

कफच नाही, खोकला कोरडा, तरी छाती थोपटत बसणं हे पण बंद करा, पेशंट दमतो फक्त. पालथं झोपवल्यावर हात-मान तासन्तास एकाच स्थितीत सोडू नका, खांद्याजवळच्या नसा दबतात.

बसवताना सॅच्युरेशन पडलं तर लगेच "याला झेपत नाही" म्हणू नका. आधी प्रोब (सॅच्युरेशन मोजणारी क्लिप) बोटावर नीट आहे का, सर्किट (व्हेंटिलेटरच्या नळ्या) सुटलंय का, ट्यूब वाकली किंवा सरकली का, कफ अडकलाय का बघा. हे सगळं ठीक असून आकडा वर येत नसेल तर परत झोपवा आणि डॉक्टरांना बोलवा.