धरणसाखळीचे मॉडेल करताय? या चुका टाळा

हेक-रेससिम हे धरणांच्या परिचालनाचे मॉडेल करायचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. नकाशावर नदी ओढायची, धरणे ठेवायची, चार नियम लिहायचे, की संध्याकाळपर्यंत रंगीत आलेख तयार. त्यामुळे नव्या मुलांना वाटते, मॉडेल चालले म्हणजे बरोबर झाले. तपासायला माझ्याकडे येणाऱ्या मॉडेल्समध्ये नियम बहुतेक वेळा ठीक असतात. चूक असते पाण्याच्या हिशेबात, आणि हिशेब चुकला की पुढचे सगळे आलेख वाया जातात.

एकच पाणी दोनदा मोजणे

या चुकीवर मी सर्वांत जास्त बोलतो, कारण ती सर्वांत उशिरा सापडते. भीमा खोऱ्याचे एक मॉडेल असेच आले होते. वर खडकवासल्याची साखळी, खाली उजनी. मॉडेलमधली उजनी चांगल्या पावसाच्या वर्षी प्रत्यक्षापेक्षा तीन आठवडे आधी भरायची. करणाऱ्याने आधी बाष्पीभवन वाढवले, मग नदीतली गळती वाढवली, शेवटी कालव्याची मागणी फुगवली. आलेख जुळेपर्यंत आकडे पिळत राहिला. दोन महिने गेले.

मी वर्षे वेगवेगळी काढून पाहिली. २०१५ सारख्या कोरड्या वर्षी मॉडेल छान जुळत होते आणि फरक फक्त ओल्या वर्षांत पडत होता. बाष्पीभवन चुकले असते तर कोरड्या वर्षी जास्त दिसले असते. ओल्या वर्षी जास्तीचे असे काय असते? वरच्या धरणांचा विसर्ग. मुळा-मुठा दौंडच्या वरच भीमेला मिळते, म्हणजे दौंडला मोजलेल्या प्रवाहात खडकवासल्याचे पाणी आधीच आलेले असते. या गृहस्थाने दौंडची मोजणी 'स्थानिक आवक' म्हणून घातली होती आणि खडकवासल्याचा विसर्गही वरून वाहवत आणला होता. पाणी एक, नोंद दोनदा.

स्थानिक आवक म्हणजे दौंडच्या मोजणीतून वरचे विसर्ग, प्रवासाचा वेळ धरून, वजा करून जे उरते ते. वेळ चुकला तर उरलेल्या आकड्यांत एक दिवस मोठा उंचवटा आणि दुसऱ्या दिवशी उणे आकडा दिसतो. तसे दिसले तर वेळ दुरुस्त करा, आकडे नव्हे. मी अजूनही एका पावसाळ्याचा ताळेबंद कागदावर हाताने मांडतो: आवक, विसर्ग, कालवा, बाष्पीभवन, साठ्यातला फरक. अर्धा दिवस जातो. तो अर्धा दिवस वाचवणाऱ्यांचे मॉडेल तपासण्यात माझे आठवडे जातात.

उणे येवा दिसला की शून्य करून टाकणे

येवा, म्हणजे धरणात येणारे पाणी, आपण बहुधा पातळीतल्या बदलावरून उलटा काढतो. ३०० चौरस किलोमीटर पसरलेल्या जलाशयात १ सेंटिमीटर म्हणजे ३० लाख घनमीटर पाणी. वाऱ्याने लाट चढली आणि तासाच्या नोंदीत १ सेंटिमीटर चुकले, तर त्या तासाच्या येव्यात जवळपास २९,००० क्युसेकची (सेकंदाला घनफुटांची) चूक होते. पुढच्या तासाला पातळी परत खाली आली की तेवढाच उणे येवा. इथे घाईची मंडळी उणे आकडे पुसून शून्य लिहितात. वरचे फुगलेले आकडे मात्र तसेच राहतात, म्हणजे नसलेले पाणी धरणात ओतले जाते. तसे करू नका. २४ तासांची सरकती सरासरी घ्या आणि एकूण घनफळ बदलले नाही ना, हे शेवटी बेरीज करून पाहा.

मॉडेलला उद्याचा पाऊस सांगणे

२०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलावर पाणी ५७ फुटांवर गेले. धोक्याची पातळी ४५ आहे. त्यानंतर अनेकांनी मॉडेल करून दाखवले की कोयनेतून आधी पाणी सोडले असते तर पूर इतका चढला नसता. यातली काही मॉडेल्स मी उघडून पाहिली. दोन दिवसांनी येणारा येवा मॉडेलला आजच ठाऊक होता, कारण सगळी मालिका एकदम दिलेली. धरणावर रात्री दोन वाजता दरवाज्याचा निर्णय घेणाऱ्या अभियंत्याकडे ती मालिका नसते. त्याच्याकडे सकाळी आठची पातळी, पावसाचा आकडा आणि हवामान खात्याचा अंदाज असतो. अंदाज फसला आणि धरण भरले नाही, तर उन्हाळ्यात उत्तर त्यालाच द्यावे लागते.

म्हणून माझा हट्ट असा: मॉडेल दिवसादिवसाने थांबवत चालवा. त्या सकाळपर्यंतच्या नोंदी आणि त्या दिवशी खरोखर हाती असलेला अंदाज, एवढेच द्या. निकाल कमी चमकदार येतो, पण पूरग्रस्तांसमोर मांडता येतो. विसर्ग एका तासात शून्यावरून ५०,००० क्युसेकवर नेणारे नियमही काढून टाका. नदीकाठचे शेतकरी पात्रातल्या मोटारी काढतात, गुरे हलवतात, त्याला वेळ लागतो. विसर्गवाढीची मर्यादा मॉडेलमध्ये असलीच पाहिजे.

पुरासाठी दिवसाचा टप्पा

पंढरपूरला उजनीचेही पाणी येते आणि वीर धरणाचेही, कारण नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते. या दोन लाटा एकमेकींवर चढल्या की मागेपुढे निघून गेल्या, यावर चंद्रभागेच्या वाळवंटाचे काय होणार ते ठरते. दिवसाच्या सरासरीत हे दिसत नाही. पुराच्या मॉडेलचा हिशेब तासातासाच्या टप्प्याने करा.

आता छोट्या चुका. छोट्या असल्या तरी दरवर्षी भेटतात.

११,५७४ क्युसेक सलग २४ तास म्हणजे १ टीएमसी (अब्ज घनफूट). हा आकडा भिंतीवर लावा. दलघमी (दशलक्ष घनमीटर), टीएमसी आणि क्युमेक (सेकंदाला घनमीटर) एकाच तक्त्यात मिसळू नका.

उजनीच्या एकूण साठ्यात ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या खालचे पाणी, आहे. उपयुक्त आणि एकूण साठ्याची गल्लत केली तर सगळे टक्के चुकतात. मृतसाठ्याला तळ मानून विसर्ग बंद करणारे मॉडेलही चुकते, कारण उजनी मायनसमध्ये गेल्यावरही (उपयुक्त साठा संपल्यावरही) सोलापूरला पाणी सोडले जाते.

कोयनेचे वीजनिर्मितीचे बहुतेक पाणी पश्चिमेला वाशिष्ठीत जाते. ते नदीने खाली कराडला पाठवू नका. धरणाच्या पायथ्याशी असलेल्या पायथा वीजगृहाचे पाणी तेवढे नदीत येते.

राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, पातळी आली की आपोआप उघडतात. त्यांना माणसाने घ्यायच्या निर्णयाचा नियम लावलेला मी तीनदा पाहिला आहे.

धरण बांधताना केलेला क्षमता तक्ता (कोणत्या पातळीला किती साठा) आजही वापरणे. गाळ साचतो. शेवटचे सर्वेक्षण मागून घ्या.

रेससिममध्ये नियमांचा क्रम म्हणजे प्राधान्य. पिण्याचे पाणी यादीत खाली राहिले तर टंचाईत आधी तेच तुटते.

ऑप्टिमायझेशनच्या घाईबद्दलही सांगतो. मागची दहा वर्षे ज्या मॉडेलला जशी घडली तशी उभी करता येत नाहीत, त्याला 'सर्वोत्तम' परिचालन विचारू नये. आणि घडलेले म्हणजे आरओएसमध्ये, धरणाच्या परिचालन सूचीत, छापलेले नव्हे. सण, आवर्तनाची मागणी, खालच्या पुलावरचे पाणी, बिघडलेला दरवाजा, यांमुळे प्रत्यक्ष विसर्ग छापील सूचीपेक्षा वेगळा असतो. तो धरणावरच्या दरवाजा नोंदवहीत तासानुसार लिहिलेला असतो. काम हाती घेतले की मी आधी त्या वहीची प्रत मागतो, जमले तर धरणावर जाऊन ती लिहिणाऱ्यांशी बोलतो. सॉफ्टवेअर उघडतो त्यानंतर.