अर्धवट मनोऱ्याची फळी

माझ्या वर्गात ३ ते ५ वर्षांची १८ मुलं. रोजची रडारड ठरलेली असायची ती खेळ आवरताना. मी टाळी वाजवून "चला, आवरा" म्हणायचे आणि एक मुलगा ठोकळ्यांचा मनोरा दोन्ही हातांनी कवटाळून बसायचा. मनोरा मोडला की तो जमिनीवर लोळण घ्यायचा, मग बाकीचेही बिथरायचे. आवाज चढवून पाहिला, आमिषं दाखवली, उपयोग शून्य.

एकदा त्याच्या शेजारी जाऊन बसले तेव्हा कळलं, आवरायचा राग त्याला नव्हताच. "अजून खिडकी राहिलीय," एवढंच तो पुटपुटत होता. या वयात वेळेचा नीट अंदाज नसतो. आपलं "आता बास" त्यांच्यावर अचानक कोसळतं.

मग एक खालची फळी रिकामी केली. अपुरं राहिलेलं काम तिथे ठेवायचं, आपल्या चित्राची चिठ्ठी लावायची, उद्या पुढे करायचं. ठोकळे आता ट्रेमध्येच रचतो, म्हणजे मनोरा ट्रेसकट हलवता येतो. आवरायच्या ५ मिनिटं आधी मी प्रत्येक गटाजवळ वाकून हळू आवाजात सांगते. वर्गभर ओरडून सांगितलेलं मुलांच्या कानात शिरतच नाही. गोलात बसायची सक्तीही सोडली. उशीवर पडून गोष्ट ऐकली तरी चालते.

दोनेक आठवड्यांत रडणं बरंच कमी झालं. दमलेल्या दिवशी अजूनही होतं, तेव्हा मी नुसती जवळ बसते. परवा त्या मुलाने जपून ट्रे फळीवर ठेवला आणि मला बजावलं, "बाई, खिडकीला हात लावू नका हं."