कोच खरंच वाईट आहे का, हे बघायचं कसं

अमेरिकन कॉलेज बास्केटबॉल बघणाऱ्यांना दर मार्चमध्ये एकच खाज सुटते, ह्याला काढा त्याला काढा, आणि पुरावा काय तर एकूण किती जिंकले किती हरले. त्या एका आकड्यावर जाऊ नका राव. जॉर्जटाऊन कॉलेजचा कोच पॅट्रिक युइंग घ्या, 2017 ते 2023, सहा सीझन, 75 जिंकल्या 109 हरल्या. वाईटच आहे, पण कुठे सडलं ते कळायला आकडा फोडावा लागतो.

आधी कॉन्फरन्सच्या, म्हणजे कॉलेजांच्या ज्या गटात आपली टीम खेळते त्या गटातल्या, मॅचेस वेगळ्या काढा; जॉर्जटाऊनचा गट बिग ईस्ट. युइंगचा पहिला सीझन 15-15, म्हणजे 15 जिंकल्या 15 हरल्या, ऐकायला बरा वाटतो ना? त्यात बिग ईस्टच्या बाहेर 10-1, कारण बऱ्याचशा लिंबूटिंबू टीम्सच बोलावल्या होत्या, आणि बिग ईस्टमध्ये 5-13, वर बिग ईस्ट टूर्नामेंटमध्ये पहिलीच मॅच हरले. झालं, फुगा फुटला.

मग एखादा सोन्यासारखा आठवडा असेल तो बाजूला ठेवा, हे सगळ्यात अवघड जातं. 2021 ला आठव्या सीडवरून, म्हणजे क्रमवारीत आठवे असताना, चार दिवसांत चार मॅचेस जिंकून बिग ईस्ट टूर्नामेंट मारली, फायनलला क्रायटनला 73-48 ने हरवून. ही टूर्नामेंट न्यूयॉर्कच्या ज्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये होते आणि जिथे युइंगची खेळाडू असतानाची 33 नंबरची जर्सी छताला टांगलीय तिथलेच सिक्युरिटीवाले ह्याला अडवून पास मागत होते, भडकला होता जाम. मलाही वाटलं आता गाडी रुळावर आली. पुढच्याच आठवड्यात एनसीएएत, म्हणजे देशपातळीच्या कॉलेज टूर्नामेंटमध्ये, कोलोराडोने 96-73 धुतलं आणि पुढच्या सीझनला बिग ईस्टमध्ये 0-19. एकोणीसच्या एकोणीस!

आता माझ्या मते मेन गोष्ट, पोरं टिकतात का आणि सुधारतात का. युइंगकडून अकिंजो गेला, मॅक्लंग गेला, ती टूर्नामेंट जिंकल्यावर सेंटर वहाब पण मेरीलँडला गेला, म्हणजे दरवर्षी पुन्हा श्रीगणेशा. ह्याच्या उलट ड्यूक कॉलेजचा माइक क्रिझेव्स्की, ज्याला सगळे ‘कोच के’ म्हणतात. त्याचे पहिले तीन सीझन 17-13, 10-17, 11-17, आणि 1983 ला व्हर्जिनियाकडून 109-66 असा मार, लोक त्यालाही हाकलायलाच निघाले होते. पण त्या 11-17 वाल्या टीममध्ये डॉकिन्स, अलारी, बिलास हे फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाची पोरं, खेळत होते, तीच पोरं 1986 ला 37-3 असा सीझन खेळून एनसीएएच्या फायनलपर्यंत गेली. तेव्हा पोरं हलत नसत हेही खरं, आता ट्रान्सफर पोर्टलमुळे (कॉलेज बदलायचं म्हणून खेळाडू ज्यात नाव टाकतात ती यादी) एका उन्हाळ्यात अर्धी टीम रिकामी होते, तेवढी सूट आजच्या कोचला द्याच.

बाकी डावपेच बघायचे तर टाइमआऊटनंतरचा पहिला प्ले बघा, बोर्डवर काढलेलं कोर्टवर दिसतंय का, का एकटा गार्ड बॉल आपटत उभाय. आठ-दहा मॅचेस वहीत टिपून ठेवा, मग घाला शिव्या.