कुस्ती कंपनीचा टॉप स्टार घडवताना या चुका टाळा

न्यू जर्सीतल्या एका छोट्या प्रोफेशनल कुस्ती कंपनीसाठी मी अकरा वर्षं लढती लिहितोय. शाळेचं जिम नाहीतर चर्चचा हॉल, दीडशे-दोनशे खुर्च्या, आणि शनिवारची रात्र. आपल्याकडची मंडळी ऐकतात आणि म्हणतात, म्हणजे नुरा कुस्तीच ना, मग त्यात अवघड काय? निकाल कागदावर लिहिता येतो, हे खरं. पण कोणासाठी लोक खुर्चीवरून उठतील, ते लिहिता येत नाही. मोठ्या कंपन्यांचे कोट्यवधी डॉलर याच ठिकाणी बुडालेत, आणि नवीन लिहिणारी मुलंही इथंच आपटतात.

लोकांनी एक निवडलाय आणि तुम्ही दुसऱ्याचंच घोडं दामटताय

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर.

जानेवारी 2014, पिट्सबर्ग, डब्ल्यूडब्ल्यूई या सगळ्यात मोठ्या कंपनीची रॉयल रंबल: तीस पैलवान एकामागून एक रिंगमध्ये येतात आणि शेवटी उरलेला रेसलमेनिया या वर्षातल्या मोठ्या शोमध्ये बेल्टसाठी, म्हणजे विजेतेपदासाठी, लढतो. लोकांना डॅनियल ब्रायन हवा होता. अंगानं लहान, दाढीवाला, पण सगळं स्टेडियम त्याच्याबरोबर हात वर करून ‘यस’ ओरडायचं. तो रंबलमध्ये येईल या आशेवर लोक शेवटच्या, तिसाव्या क्रमांकापर्यंत थांबले. बाहेर आला रे मिस्टेरिओ. इतका लाडका माणूस, पण त्याचीसुद्धा हुर्यो उडवली. रंबल बटिस्टानं जिंकली आणि हॉल चवताळला. कंपनीनं मग बेत बदलला. 6 एप्रिलला न्यू ऑर्लिन्सच्या रेसलमेनियात ब्रायननं आधी ट्रिपल एचला हरवलं आणि त्याच रात्री ऑर्टन आणि बटिस्टाशी लढून बेल्ट घेतला.

यातून काही शिकले असतील असं वाटतं ना? पुढच्याच जानेवारीत फिलाडेल्फियात दुखापतीतून परतलेला ब्रायन मधेच बाहेर फेकला गेला आणि रोमन रेन्स जिंकला. खुद्द द रॉकनं येऊन त्याचा हात वर धरला, तरी हुर्यो थांबेना. 2016 मध्ये टेक्सासात रेन्सनं बेल्ट घेतला, तेव्हाही तेच. 2017 मध्ये त्यानं अंडरटेकरला हरवलं आणि दुसऱ्या दिवशी रॉ या टीव्ही कार्यक्रमात लोकांनी त्याला कितीतरी वेळ तोंडच उघडू दिलं नाही.

रेन्स काही कच्चा पैलवान नव्हता. शील्ड या तिघांच्या टोळीत होता, तोवर लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. घोटाळा झाला तो त्याला सगळ्यांचा आवडता करायच्या नादात. ऑगस्ट 2020 मध्ये तो पॉल हेमन या मॅनेजरला बरोबर घेऊन खलनायक म्हणून परतला, 30 ऑगस्टला बेल्ट जिंकला आणि तो 1,316 दिवस सोडला नाही. तोच माणूस, त्याचा स्पिअर हा डावही तोच. फक्त लोकांनी आपल्यावर प्रेम करावं, ही विनवणी थांबली होती. याचं उदाहरण त्यांच्या घरातच होतं: 1996 मध्ये हसतमुख रॉकी मायव्हिया म्हणून आणलेल्या मुलाला लोकांनी ‘मर रॉकी मर’ म्हणून पिटाळलं, दुसऱ्या वर्षी तो नेशन ऑफ डॉमिनेशन या खलनायकांच्या टोळीत जाऊन लोकांवरच उलटला, आणि त्यातून द रॉक उभा राहिला.

माझीही कहाणी सांगतो. सहा फूट तीन इंचांचा, कोरीव अंगाचा एक मुलगा आमच्याकडे आला. उन्हाळ्यात हा चॅम्पियन, असं मी जानेवारीतच ठरवून टाकलं आणि सात लढती त्याला दोन-दोन मिनिटांत जिंकवल्या. चौथ्या लढतीत त्याच्यासमोर आमचा नेहमीचा हरणारा गडी होता. दिवसा वायरिंगची कामं करायचा, पोट सुटलेलं. तो पडला की उठायचा, पुन्हा पडला की पुन्हा उठायचा. पहिल्या रांगेतली एक आजी त्याच्यासाठी उभी राहून ओरडायला लागली आणि बघता बघता सगळी रांग उठली. हे मी कानांनी ऐकलं, आणि तरीही ठरलेला कागद बदलला नाही. जूनमध्ये त्या देखण्या मुलानं बेल्ट वर उचलला तेव्हा माणसं पॉपकॉर्नच्या रांगेत होती. त्याचे साठ टी-शर्ट छापले होते, नऊ खपले. वायरमन ऑगस्टमध्ये दुसरीकडे गेला. ते आठवलं की मला अजून त्रास होतो.

तेव्हापासून मी मागच्या दाराशी उभा राहतो. रिंग बघत नाही, चेहरे बघतो. मध्यंतराच्या आधी आणि नंतर कुणाचे किती टी-शर्ट गेले, ते वहीत उतरवतो. मोबाइलवरच्या लाइक्सचे आकडे मला कुणी दाखवू नयेत. खिशातून पंचवीस डॉलर काढणारा माणूस खोटं बोलत नाही.

हातातोंडाशी आलेला घास काढून घेणं

4 जुलै 1993 ला यूएसएस इंट्रेपिड या जुन्या युद्धनौकेवर लेक्स लुगरनं सव्वादोनशे किलोंच्या पुढच्या चॅम्पियन योकोझुनाला उचलून आपटलं. मग त्याला बसमध्ये बसवून अमेरिकाभर फिरवलं. ऑगस्टमध्ये समरस्लॅम या शोला तो जिंकला, पण काउंटआउटनं, म्हणजे योकोझुना मोजणी संपेपर्यंत रिंगमध्ये परतला नाही म्हणून; अशा विजयात बेल्ट हातचा जात नाही, तो योकोझुनाकडेच राहिला. वरून फुगे सोडले, त्याला खांद्यावर घेतलं, जल्लोष केला. कशाचा? पुढच्या रेसलमेनियात योकोझुनाचा बेल्ट घेतला ब्रेट हार्टनं. लुगरची वेळ त्या फुग्यांबरोबरच गेली होती.

डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीनं याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन मार खाल्ला. जुलै 1998 मध्ये अटलांटाच्या जॉर्जिया डोममध्ये एकदाही न हरलेल्या गोल्डबर्गनं चॅम्पियन हल्क होगनला हरवलं, आणि पैसे देऊन बघायला लोक तयार होते ती लढत सोमवारच्या टीव्हीवर फुकट उधळली. डिसेंबरात गोल्डबर्गला टेझरचा, म्हणजे विजेच्या बंदुकीचा, झटका बसला आणि केव्हिन नॅशनं त्याची अपराजित मालिका संपवून बेल्ट घेतला. आठच दिवसांनी, त्याच डोममध्ये, होगननं नॅशच्या छातीला बोट लावलं, नॅश आडवा झाला आणि बेल्ट होगनकडे गेला. त्या रात्रीनंतर लोकांनी कशावर विश्वास ठेवायचा होता?

आमच्याकडे येणारी मुलं म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. तीन महिन्यांत बेल्ट हवा असतो. त्यांना मी स्टीव्ह ऑस्टिनचा हिशोब सांगतो. जून 1996 मध्ये तो किंग ऑफ द रिंग ही स्पर्धा जिंकला, पहिल्यांदा मोठा बेल्ट मिळाला मार्च 1998 मध्ये. मधे रेसलमेनिया 13 ला तो ब्रेट हार्टकडून हरला. रक्तानं माखून बेशुद्ध पडला, पण हार मानल्याची खूण केली नाही. आत आला तेव्हा खलनायक होता, आणि लंगडत बाहेर पडला तेव्हा लोक त्याचे झाले होते. तुमच्या माणसाला असं हरवायची हिंमत नसेल, तर त्याच्यासाठी लिहू नका.

बेल्ट दिला की स्टार झाला, असं समजणं

2017 मध्ये जिंदर महालला बेल्ट मिळाला तेव्हा आम्हा भारतीयांना आनंद झालाच. पण त्याआधी तो वारंवार हरत होता, आणि आदल्या रात्रीपर्यंत हरणारा सकाळी राजा झालेला लोक मानत नाहीत. नोव्हेंबरात मँचेस्टरला तो बेल्ट एजे स्टाइल्सकडे गेला, दिल्लीच्या शोला महिना उरला असताना.

माइक लवकर हातात देणं

आधी त्याला गप्प उभं राहता येतं का, ते बघा.

तगडा शत्रू न देणं

1984 मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला होगन मोठा झाला, कारण समोर अमेरिकेचा शत्रू म्हणून उभा केलेला इराणी आयर्न शेख होता. जोड चांगली लागली की अर्धं काम होतं.

चूक कळल्यावर हट्ट धरून बसणं

रेन्सबद्दल लोक काय सांगत होते, ते ऐकायला कंपनीला साडेपाच वर्षं लागली. कोडी ऱ्होड्सच्या वेळी सहा दिवस पुरले. रंबल जिंकलेला कोडी 2 फेब्रुवारी 2024 ला बाजूला झाला आणि रेन्ससमोर द रॉक येऊन उभा राहिला. लोक भडकले. 8 तारखेला लास व्हेगसमध्ये कोडीला त्याची जागा परत मिळाली, रॉकला खलनायक केलं, आणि 7 एप्रिलला त्याच फिलाडेल्फियात कोडीनं रेन्सकडून बेल्ट घेतला.