पेन्शन येण्याआधी

निवृत्तीला आलेल्या जवानांनो, हे तुमच्यासाठी. आमच्या कोरेगाव भागात फौजेतून परतलेला प्रत्येक जण ‘मेजर’ असतो. मी नाईक होतो, मेजरच्या कितीतरी खालचा, फौजेला माल पोचवणाऱ्या आर्मी सर्व्हिस कोरमध्ये ड्रायव्हर. २००७ साली १७ वर्षं भरून ट्रंक घेऊन एसटीतून उतरलो तर पारावरून हाक, “काय मेजर, कारगिलला किती उडवले?”

एकही नाही. १९९९ च्या जूनमध्ये मी द्रासच्या रस्त्यावर तोफांचे गोळे वाहत होतो. श्रीनगर-लेह रस्ता वरच्या शिखरांवरून शत्रूला दिसायचा, म्हणून रात्री दिवे बंद. पुढच्या ट्रकच्या डिफरेन्शियलवर, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गोल डब्यावर, पांढरा रंग मारलेला असतो, त्याच्यावर नजर ठेवून घाट काढायचा. तो ठिपका हलला की आपण हलायचं. हे ऐकलं की पारावरच्यांचे चेहरे पडतात. पडू देत. तुमच्यातलेही बरेच जण सिग्नल, वर्कशॉप, लंगरातून परतणार. उगाच गोळीबाराच्या गोष्टी रचू नका, घरची पोरं त्या खऱ्या धरतात.

फौजी म्हणजे तापट डोकं, हा दुसरा समज. माझं उलटंच झालं. दिवाळीत सुतळी बॉम्ब वाजला की मी गोठ्यात जाऊन म्हशीला वैरण टाकत बसायचो. घरच्यांना वाटलं, गड्याला जनावरांचा नाद लागला. बायकोनं ओळखलं, पण दोन दिवाळ्या गेल्यावर. ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, कार्डावर रेफरल घेऊन मानसोपचाराच्या डॉक्टरकडे जाता येतं. मी उशिरा गेलो, गावात नाव खराब होईल म्हणून.

पैशाचं भावकीला आधीच सांगा. कम्युटेशनची रक्कम म्हणजे आपलीच पेन्शन आगाऊ उचललेली. १५ वर्षं दरमहा कापली जाते. मी बोललो नाही आणि त्या पैशातून मेहुण्याचा ट्रॅक्टर आला. असो.

वॉचमनकीच करावी लागते असंही नाही. दहावी पास आणि १५ वर्षं सेवा असेल तर पदवी समकक्ष प्रमाणपत्र मिळतं, क गटाच्या बऱ्याच जागांना चालतं. युनिट सोडायच्या आतच पदरात पाडून घ्या.

आणि डिस्चार्ज बुकातली नावं अक्षर न् अक्षर तपासा. माझ्या पार्ट टू ऑर्डरला, म्हणजे लग्न, मुलं यांची फौजेतली नोंद असते त्या कागदाला, बायकोचं माहेरचं नाव, रेशनकार्डावर लग्नात बदललेलं. ते जुळवायला ११ महिने खेटे. शेवटचा कागद आला तेव्हा ती म्हणाली, “मग १७ वर्षं मनीऑर्डर कुणाला धाडत होता?”